रंगीत ढगांसाठी आकाश-कॅमेरा : प्रकल्प नोंदी

आकाशाकडे तोंड करून बसवलेला एक कॅमेरा करायचा. त्याने पहाटेच्या संधिप्रकाशापासून रात्र पडेपर्यंत दर २० सेकंदांनी पूर्ण आकाश टिपायचे, आणि ज्या चित्रांत ढगांना रंग चढला आहे ती वेगळी काढायची. ढगांचे रंग फार थोडा वेळ असतात. पातळ ढगाच्या कडेला शिंपल्याच्या आतल्या भागासारखी गुलाबी-हिरवी झाक येते (इरिडेसन्स, या नोंदींत तिला मोरपंखी झाक म्हटले आहे), ती कित्येकदा पाच मिनिटांतच विरते. तेवढ्या वेळात कोणी मान वर केली तरच ती दिसणार.

चित्र काढणे अवघड नाही. चित्रातला रंग खरोखर ढगाचा आहे, की भिंगाचा, काचेवरच्या दंवाचा, सेन्सरचा, हे ठरवणे अवघड आहे. या कामातला निम्म्याहून जास्त वेळ त्यातच गेला.

दिवस १ : जुळणी

सुटे भाग : रास्पबेरी पाय ४ (छोटा संगणक, ४ जीबी), त्याचाच हाय क्वालिटी कॅमेरा (सोनी आयएमएक्स४७७ सेन्सर, १२.३ मेगापिक्सेल, ४०५६ × ३०४० पिक्सेल), १८० अंशांचे सीएस माउंटचे (माउंट म्हणजे भिंग बसवायची जागा) फिशआय भिंग (पूर्ण आकाश एका वर्तुळात आणणारे), ११० मिमी व्यासाचा अ‍ॅक्रिलिकचा अर्धगोल डोम, जलरोधक प्लास्टिक पेटी, ६४ जीबीचे मेमरी कार्ड, ५ व्होल्ट ३ अँपिअरचा वीजपुरवठा.

भिंग घेताना एकच गोष्ट तपासायची : त्याच्या प्रतिमेचे वर्तुळ सेन्सरच्या उंचीत मावले पाहिजे. या सेन्सरची उंची ४.७ मिमी आहे. वर्तुळ त्याहून मोठे असेल तर क्षितिजाचा दोन बाजूंचा भाग कापला जातो. आमचे वर्तुळ सुमारे २९०० पिक्सेलचे आले, म्हणजे एका अंशाला १६ पिक्सेल. सूर्याची चकती अर्ध्या अंशाची, ती ८ पिक्सेल भरते. ढगांच्या रंगांसाठी एवढे पुरते.

अर्धा दिवस वाया गेला तो फोकसमध्ये. भिंग कितीही फिरवले तरी दूरचे स्पष्ट होईना. कॅमेऱ्यासोबत ५ मिमीची एक कडी येते, ती सी माउंटच्या भिंगांसाठी असते. आमचे भिंग सीएसचे, आणि कडी मात्र तशीच राहिली होती. काढल्यावर फोकस लागला. फोकस दिवसा दूरच्या झाडावर अंदाजे लावावा आणि रात्री ताऱ्यावर पक्का करावा. मग बाजूचा स्क्रू घट्ट आवळावा. नाही तर उन्हाने पेटी तापली-निवली की भिंग किंचित सरकते.

दिवस २ : छिद्र आणि डोम

छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/११ ठेवले होते, ऊन फार म्हणून. सगळी चित्रे मऊ, धुरकट आली. या सेन्सरचा एक पिक्सेल १.५५ मायक्रॉनचा आहे. छिद्र इतके लहान केले की प्रकाश पसरतो आणि एकेक बिंदू अनेक पिक्सेलवर सांडतो. एफ/५.६ वर आणले आणि उजेड कमी करायचे काम शटरवर सोपवले.

डोमच्या आत भिंगाभोवती पेटीचे पांढरे झाकण दिसत होते. त्याचे प्रतिबिंब डोमच्या आतल्या बाजूला पडून सगळ्या आकाशावर फिकट पडदा येत होता. भिंगाभोवती काळा मखमली कागद चिकटवला, पडदा गेला. भिंगाचे पुढचे टोक डोमच्या गोलाच्या मध्याशी यायला हवे. आमचे ८ मिमी खाली होते. वॉशर घालून वर उचलल्यावर सूर्याच्या समोरच्या बाजूला दिसणारा हिरवट ठिपका बराच फिका झाला, पण गेला नाही. त्याच्याकडे पुन्हा यावे लागले (दिवस ९ पाहा).

दिवस ४ : राखाडी सूर्यास्त

डोळ्यांना पश्चिम लालभडक दिसत होती, चित्रांत मात्र ती मळकट राखाडी. कॅमेऱ्याचा स्वयंचलित श्वेतसमतोल चालू राहिला होता. त्याचे कामच रंगाचा झोक पुसून सगळे पांढऱ्याकडे आणणे. ढगांच्या रंगासाठी तो पहिल्या दिवशीच बंद करायला हवा होता. चार संध्याकाळींची चित्रे या कारणाने निकामी झाली.

मध्यान्हीच्या उन्हात करड्या कार्डाचा फोटो घेतला आणि कार्ड करडेच दिसेल असे गुणक काढले : लाल ३.०, निळा १.७. तेच कायमचे ठेवले. प्रत्येकाने आपल्या सेन्सरसाठी आपले आकडे काढावेत, हे उचलू नयेत. एकदा ठरले की सकाळ असो वा संध्याकाळ, बदलायचे नाहीत.

दिवस ५ : कार्ड भरले

सकाळी साडेसहाला सुरू केले, साडेअकराच्या आत बंद. हिशेब आधी करायला हवा होता. एक कच्चे चित्र (रॉ) सुमारे २५ एमबी. दर २० सेकंदांनी वेगवेगळ्या उजेडाची तीन, म्हणजे तासाला ५४० चित्रे, १३ जीबीच्या वर. ६४ जीबी पाच तासही पुरत नाही.

आता व्यवस्था अशी : प्रत्येक वेळचे एक लहान जेपेग (२०२८ × १५२० पिक्सेल) कायम ठेवायचे, ते दिवसाला दीडेक जीबी होते. कच्ची चित्रे फक्त मागच्या १५ मिनिटांची ठेवायची, जुनी पुसत जायची. चाळणीला (रंगीत ढगांची चित्रे निवडणाऱ्या प्रोग्रामला, दिवस २४ पाहा) काही सापडले की ती १५ मिनिटे आणि पुढची १५ मिनिटे जपून ठेवायची. मागची पंधरा मिनिटे ठेवायचे कारण असे, की झाक लक्षात येते तेव्हा तिची सुरुवात होऊन गेलेली असते. सतत लिहा-पुसा केल्याने मेमरी कार्ड लवकर खराब होते, म्हणून चित्रांसाठी यूएसबीची एसएसडी लावली. कार्डावर फक्त प्रणाली.

दिवस ७ : खोटे गुलाबी ढग

सूर्याजवळच्या आल्टोक्युम्युलसच्या (मध्यम उंचीवरच्या पुंजकेदार ढगांच्या) कडा सुंदर गुलाबी आल्या. आनंद तासभर टिकला. तीन चित्रांपैकी गुलाबी फक्त सर्वांत उजळ चित्रात होती, बाकी दोघांत ढग पांढरा.

कारण सरळ आहे. उजेड जास्त झाला की सेन्सरवर आधी हिरवा भरतो आणि तिथेच थांबतो. लाल आणि निळा भरायचे बाकी असतात. मग श्वेतसमतोल त्यांना ३.० आणि १.७ ने गुणतो. हिरवा मागे, लाल-निळा पुढे, म्हणून गुलाबी. इंटरनेटवरच्या पुष्कळ ‘गुलाबी ढगांच्या’ चित्रांचा संशय यायला इथूनच सुरुवात झाली.

उपाय : शटर १/५००, १/२००० आणि १/८००० सेकंद, तिन्ही एफ/५.६ आणि सर्वांत कमी गेनवर (सेन्सरचा संकेत वाढवण्याचे प्रमाण). कच्च्या आकड्यांत कोणताही रंग कमाल मर्यादेच्या ९० टक्क्यांवर गेला असेल तर तो पिक्सेल बाद, तिथली किंमत पुढच्या अंधाऱ्या चित्रातून घ्यायची. हा नियम लावल्यापासून तसे गुलाबी ढग एकदाही आले नाहीत.

दिवस ९ ते १३ : सूर्य झाकणे

सगळ्यांत वेळखाऊ भाग. मोरपंखी झाक बहुतेक वेळा सूर्यापासून ४० अंशांच्या आत असते, आणि तिथेच भिंगात सर्वांत जास्त चकाकी. सूर्य झाकल्याशिवाय त्या भागातल्या रंगावर विश्वास ठेवता येत नाही.

पहिला प्रयत्न : डोमच्या मध्यापासून ३० सेंमीवर ३२ मिमीची काळी चकती. भिंगावर सावली नीट पडली, पण ११० मिमीचा डोम बाजूने उन्हातच राहिला. त्यावरची धूळ आणि बारीक ओरखडे चमकत होते. पूर्ण डोम झाकायचा तर चकती ११ सेंमीहून मोठी हवी, म्हणजे ३० सेंमीवरून ती सूर्याभोवतीचे २० अंश गिळते. पाहायचे तेच झाकले जाते.

म्हणून चकती मोठी करण्याऐवजी डोमच लहान केला. ५० मिमीचा डोम, चकती धरणारा ४५ सेंमीचा हात, ६० मिमीची चकती. सगळा डोम सावलीत येतो आणि झाकला जातो सूर्याभोवतीचा जेमतेम ७.६ अंशांचा भाग. दिवस २ चा हिरवा ठिपका इथे गेला. मोठा डोम घेणे ही या प्रकल्पातली सर्वांत महाग चूक, कारण पेटीचे झाकण पुन्हा कापावे लागले.

चकती सूर्यामागे फिरवायला दोन मोटारी लागत नाहीत. फिरण्याचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवला (क्षितिजापासून आपल्या अक्षांशाएवढा वर उचललेला, तोंड खगोलीय ध्रुवाकडे) आणि तो डोमच्या मध्यातून जाईल असे पाहिले, की तासाला १५ अंश या एकाच गतीने काम भागते. सूर्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचे उत्तर-दक्षिण अंतर) बदलते त्यासाठी चकतीचा कोन हाताने बदलायचा. संपाताच्या सुमारास क्रांती दिवसाला ०.४ अंश सरकते, तेव्हा जवळजवळ रोज. अयनदिनांच्या आसपास आठवड्यातून एकदा पुरते.

मोटार २८बीवायजे-४८ (ठरावीक पायऱ्यांनी फिरणारी स्टेपर मोटार). इथे चार चुका झाल्या, क्रमाने :

उत्तर दिशा फोनच्या होकायंत्राने घेतली. शेजारी लोखंडी खांब होता. दिशा कित्येक अंशांनी चुकली. ओळंबा लटकवून सूर्याच्या खऱ्या मध्यान्ही पडलेल्या सावलीवर रेघ मारली, ती बरोबर. घड्याळातले बारा म्हणजे सूर्याचे मध्यान्ह नव्हे. रेखांशाचा फरक असतोच, शिवाय वर्षभरात सूर्य घड्याळाच्या १६ मिनिटांपर्यंत पुढे-मागे होतो. वेळ गणिताने काढून घ्यावी.

पायऱ्या २०४८ धरल्या. बहुतेक ठिकाणी एका फेऱ्याला हाच आकडा लिहिलेला असतो. आतल्या दातेरी चाकांचे खरे प्रमाण ६३.६८ : १ आहे, म्हणून फेऱ्याला २०३८ पायऱ्या. फरक अर्ध्या टक्क्याचा, पण पाच तासांत ०.३७ अंश साचतो आणि आपली सवड तेवढीच (सावलीला दोन्ही बाजूंना ३ मिमी). दुपारनंतर रोज डोमच्या कडेला ऊन लागायचे, ते याच कारणाने. २०३८ धरल्यावर एक पायरी साधारण ४२ सेकंदांनी येते.

चाकांत खेळ आहे. सकाळी हात वर चढताना वजन मागे ओढते, मध्यान्हानंतर तेच पुढे ओढते, आणि हात अचानक एक-दोन अंश पुढे ढळतो. नट बांधून समतोल केला तरी वाऱ्याने डुलत होता. शेवटी अक्षावर २० मिमीची कप्पी बसवून तिच्यावरून दोरा घेतला आणि त्याला २० ग्रॅमचे वजन टांगले. दातांचा खेळ दिवसभर एकाच बाजूला दाबलेला राहतो. याहून साधा उपाय सुचला नाही आणि लागलाही नाही.

रात्री हात मागे आणताना पायऱ्या मोजूनच जागा धरली होती. वीज एकदा गेली आणि सगळा हिशेब बिघडला. आता हात रोज रात्री मायक्रोस्विचला टेकतो आणि तिथून शून्य धरतो.

दिवस १६ : कडी आणि दंव

पहाटे सूर्याभोवती एकात एक रंगीत कडी, आतून निळसर, बाहेर तांबूस. पातळ ढगातून सूर्याभोवती अशी कडी खरोखर पडतात, त्यामुळे दोन तास ती खरी धरली गेली. मग आकाश निरभ्र असल्याचे लक्षात आले. डोमवर दंव पडले होते. सारख्या आकाराच्या सूक्ष्म थेंबांतून प्रकाश गेला की रंग फुटतात. ढगातले थेंब आणि काचेवरचे थेंब यांत प्रकाश फरक करत नाही. हा दंवाचा रंग खोट्या रंगांत सर्वांत फसवा.

डोमच्या बुडाशी आतून उष्णतेची कडी केली : ३९० ओहमचे आठ रोधक (रेझिस्टर) समांतर, १२ व्होल्टवर. एकूण ४९ ओहम, ३ वॉट.

दिवस १७

रोधक पाव वॉटचे घेतले होते. प्रत्येकावर ०.३७ वॉट येत होते. सकाळी सगळे काळपट आणि डोमच्या कडेला जळका वास. एक वॉटचे बसवले, डोमपासून ४ मिमी अंतर ठेवून. सूर्यास्ताला चालू, सूर्योदयानंतर दोन तासांनी बंद. पेटीत सिलिका जेलची पुडी. तेव्हापासून डोमवर दंव नाही.

दिवस २१ : पिक्सेलचा कोन

रंग सूर्यापासून किती अंशांवर आहे हे कळले नाही तर बाकी सगळे व्यर्थ. फिशआयमध्ये केंद्रापासूनचे अंतर खमध्यापासूनच्या (बरोबर डोक्यावरच्या बिंदूपासूनच्या) कोनाशी जवळजवळ सम प्रमाणात असते, पण ‘जवळजवळ’वर थांबू नये. निरभ्र रात्री १० सेकंदांची चित्रे घेतली, चाळीसेक तेजस्वी तारे ओळखले, त्यांचे उन्नतांश-दिगंश (क्षितिजापासूनची उंची आणि दिशा) आणि पिक्सेल यांची सांगड घातली. क्षितिजाजवळ दोन अंशांचा फरक होता, तो दुरुस्त झाला.

आणि एक मोठी चूक उघड झाली. वर पाहून घेतलेल्या चित्रात उत्तर वर ठेवली तर पूर्व डावीकडे येते, नकाशाच्या उलट. प्रोग्राममध्ये पूर्व उजवीकडे धरली होती. मागच्या सगळ्या नोंदींतले सूर्यापासूनचे कोन चुकीचे ठरले. चकतीमुळे हे आधी लक्षात आले नाही, कारण तिचा हिशेब वेगळा चालत होता. जुनी चित्रे नव्याने मोजायला दोन दिवस गेले.

दिवस २४ : चाळणी

पहिली चाळणी रंगाच्या गडदपणावर होती. तिने रोज निळे आकाश निवडले. साहजिकच, आकाशात सर्वांत गडद रंग निळाच.

दुसरी चाळणी चालली. निळे आकाश, पांढरा ढग, मावळतीचा लाल ढग हे सगळे रंग निळा–पांढरा–तांबडा या एका रेषेवर असतात. मोरपंखी झाक मात्र त्या रेषेच्या बाजूला, हिरवा–गुलाबी या दिशेने जाते. म्हणून प्रत्येक पिक्सेलसाठी हिरवा ÷ √(लाल × निळा) काढायचे. साध्या आकाशात हे उत्तर १ च्या जवळ राहते. १.०६ च्या वर हिरवी झाक, ०.९२ च्या खाली गुलाबी. दोन्ही शेजारी-शेजारी, किमान २०० पिक्सेलच्या ठिपक्यांत, सापडली तरच घंटा. आकडे कच्च्या चित्राचे घ्यायचे, दिवस ४ चे गुणक लावून. जेपेगचे घेतले तर त्याची उजेडाची वक्ररेषा गुणोत्तर बिघडवते.

मावळतीच्या लाल ढगांना ही चाळणी पकडत नाही, पकडूही नये. त्यांच्यासाठी लाल ÷ निळा वेगळे मोजतो.

दिवस २९ : सुटलेला कंस

आतापर्यंतची सर्वांत जिव्हारी लागलेली चूक. खोटे रंग गाळायला एक नियम केला होता : रंगाचा ठिपका ढगाबरोबर सरकत नसेल तर तो काचेवरचा, बाद. मोरपंखी झाकेला तो बरोबर लागू पडला. आज जेपेग चाळताना दिसले, की दुपारी सूर्याच्या बरोबर खाली, सिरस ढगांत (उंचावरच्या बर्फाच्या तंतुमय ढगांत), क्षितिजाला समांतर रुंद सप्तरंगी पट्टा २२ मिनिटे होता. लाल वर, जांभळा खाली, रंग इतके शुद्ध की इंद्रधनुष्य फिके पडावे. चाळणीने तो बाद केला होता आणि कच्ची चित्रे पुसली गेली होती.

हा क्षितिजसमांतर कंस. तो सूर्याच्या जागेला बांधलेला असतो. ढग त्यातून वाहत जातो आणि रंग तिथेच राहतो. षटकोनी चपट्या बर्फस्फटिकाच्या उभ्या बाजूतून प्रकाश आत शिरून तळातून बाहेर पडतो तेव्हा तो दिसतो, आणि त्यासाठी सूर्य क्षितिजापासून ५८ अंशांहून वर लागतो. ५५ अंशांपलीकडच्या अक्षांशांवर म्हणूनच तो जमिनीवरून दिसत नाही. कंस कुठे शोधायचा ते गणिताने नेमके सांगता येते : सूर्य ६२ अंशांवर असेल तर कंस १५ अंशांवर, सूर्य ६८ वर तर २२ वर, सूर्य ७५ वर तर २८ वर.

नवा नियम तीन उत्तरांचा आहे. रंग ढगाबरोबर सरकतो : मोरपंखी झाक. रंग सूर्याशी ठरावीक कोन धरून राहतो आणि लाल कड सूर्याकडे आहे : बर्फस्फटिकांचा खेळ. २२ अंशांवर गोल असेल तर खळे, त्याच अंतरावर सूर्याच्या डाव्या-उजव्या अंगाला ठळक ठिपके असतील तर खोटे सूर्य, सूर्य ३२ अंशांच्या खाली असताना खमध्याजवळ उलट्या इंद्रधनुष्यासारखा वाकलेला असेल तर खमध्य कंस, वर सांगितलेल्या जागी असेल तर क्षितिजसमांतर कंस. आणि रंग डोमच्या एकाच जागी चिकटून असेल, किंवा सूर्य सरकताना चित्राच्या केंद्रापलीकडे उलट दिशेने सरकत असेल, तर काचेचा.

खमध्य कंस सर्वांत जास्त दुर्लक्षित. तो डोक्यावर असतो आणि सकाळ-संध्याकाळ माणसे समोर पाहतात. सूर्य २२ अंशांच्या आसपास असताना तो सर्वांत उठावदार.

दिवस ३३ : सूर्यास्तानंतर

कॅमेरा सूर्यास्ताला बंद होत होता. चूक. जमिनीवर सूर्य मावळला तरी उंचावरच्या ढगाला तो दिसत असतो. २ किमीवरच्या ढगावर थेट ऊन सूर्य क्षितिजाखाली १.४ अंश जाईपर्यंत पडते, १० किमीवरच्या सिरसवर ३.२ अंशांपर्यंत. म्हणून खालचे ढग राखाडी झाल्यावर वरचे पेटतात, आणि तोच देखावा आम्ही रोज गमावत होतो.

आता सूर्य ८ अंश खाली जाईपर्यंत चित्रे. शटर दर चित्रागणिक मागच्या चित्राच्या उजेडावरून वाढवायचे, एका वेळी एक-तृतीयांश स्टॉपपेक्षा जास्त नाही (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). जास्त उडी घेतली की दिवसाची चित्रे जोडून केलेल्या चलच्चित्रात लुकलुक दिसते.

५० ते ७० अंश अक्षांशांवर हे करणाऱ्यांनी उन्हाळ्यात १६ अंशांपर्यंत चालू ठेवावे. ८० ते ८५ किमी उंचीवरचे निशादीप्त ढग (नॉक्टिल्युसंट) सूर्य ६ ते १६ अंश खाली असतानाच दिसतात, चांदीसारखे निळसर, बारीक लहरींचे. ध्रुवांकडच्या भागात हिवाळ्यात १५ ते २५ किमीवरचे नॅक्रिअस (शिंपल्यासारखी झाक असलेले) ढगही संधिप्रकाशातच रंगतात. त्यांच्या झाकेपुढे बाकी सगळे फिके.

दिवस ३८

पावसाचे डाग पुसायला स्पिरिट वापरले. अ‍ॅक्रिलिकवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा. डोम बदलला. साबणाचे पाणी आणि मायक्रोफायबरचे फडके, बाकी काही नाही. फडके फिरवण्याआधी धूळ पाण्याने वाहवून टाकायची, घासायची नाही.

दिवस ४४ : आकार

रंग नसलेले पण आकाराने वेगळे ढग चाळणीतून काढता येतील का, यावर सहा दिवस घालवले. नाही जमले. मॅमॅटसची खाली लोंबणारी गोळ्यांची रांग आणि साध्या आल्टोक्युम्युलसचे पुंजके आपल्या १६ पिक्सेल-प्रति-अंश चित्रात प्रोग्रामला सारखेच वाटतात. दिवसाचे चलच्चित्र ९० सेकंदांत पाहणे आणि हाताने नोंद करणे हेच ठरवले.

त्यासाठी २० सेकंदांचे अंतर कुठे पुरते ते कळले. अस्पेरिटासच्या खवळलेल्या लाटा, मॅमॅटस, कॅव्हम (विमान गेल्यावर अतिशीत थेंबांच्या थरात पडणारे गोल भोक, मधोमध बर्फाचा झुबका) यांना पुरते. फ्लक्टसला नाही, उसळून मोडणाऱ्या समुद्रलाटेसारखी ती रांग दोन-तीन मिनिटांत फाटते, म्हणजे सहा ते नऊ चित्रे. वाऱ्याचा वेग उंचीनुसार झपाट्याने बदलतोय असे वाटले की अंतर ५ सेकंद करतो, फक्त जेपेगसाठी. नावे जागतिक हवामान संघटनेच्या मेघ-अ‍ॅटलासप्रमाणे ठेवावीत. अस्पेरिटास, कॅव्हम, फ्लक्टस ही २०१७ च्या आवृत्तीत आली, त्यामुळे जुन्या पुस्तकांत शोधून सापडणार नाहीत.

दिवस ५२ : मोरपंखी झाक, पूर्ण क्रम

चाळणी, चकती, कोन, सगळे पहिल्यांदा एकत्र चालले. वाढत्या क्युम्युलसच्या (कापसाच्या ढिगासारख्या ढगाच्या) डोक्यावर पातळ टोपी (पायलियस) आली, सूर्यापासून १४ अंशांवर. सहा मिनिटे, १८ वेळा तीन-तीन चित्रे. हिरवा–गुलाबी पट्टे टोपीच्या कडेला समांतर होते आणि टोपी विरत गेली तसे आत सरकले. सातव्या मिनिटाला खालचा क्युम्युलस टोपी फोडून वर आला आणि रंग संपला.

हे पट्टे कडेला समांतर का, तेही चित्रांवरून दिसते. टोपी नुकतीच तयार होत असते, तिच्यातले थेंब लहान आणि जवळजवळ एका मापाचे. कडेकडे थेंब विरत जाऊन लहान होतात, म्हणून कडेबरोबर रंग बदलतो. जुन्या, जाड ढगात थेंब लहान-मोठे मिसळतात आणि रंग एकमेकांत पुसून पांढरे होतात. शोधायचे तर ताज्या, पातळ, कडा विरत असलेल्या ढगात : पायलियस, लेंटिक्युलर (भिंगाच्या आकाराचा), आल्टोक्युम्युलस, सिरोक्युम्युलस (उंचावरचे बारीक पुंजके).

प्रत्यक्ष डोळ्यांनी पडताळायचे असेल तर सूर्य भिंतीच्या किंवा खांबाच्या कडेआड ठेवून, काळा चष्मा लावून पाहावे. सूर्याकडे थेट कधीही पाहू नये, चष्म्यातूनही नाही. काळ्या काचेतले किंवा डबक्यातले ढगाचे प्रतिबिंब पाहिले तर झाक जास्त स्पष्ट दिसते. तिथेही सूर्याचे प्रतिबिंब नजरेबाहेर ठेवावे.

दिवस ६० : सध्याची स्थिती

रोजचे काम : सकाळी डोम पाहणे, चकतीची सावली डोमभर पडते का ते तपासणे, आदल्या दिवसाचे चलच्चित्र. वीस मिनिटे.

राहिलेले : वादळी वाऱ्यात हात अजून डुलतो, ३ मिमीच्या अ‍ॅल्युमिनियम सळीऐवजी ६ मिमीची कार्बन नळी लावून पाहायची आहे. चंद्राभोवतीची कडी आणि खळे रात्री टिपायचे तर चकतीला चंद्रामागे धावावे लागेल. चंद्राची क्रांती दिवसाला कित्येक अंश बदलते, तेव्हा चकतीचा कोन हाताने बदलून भागणार नाही, दुसरी मोटार लागेल. पेटीत तिच्यासाठी जागा ठेवली आहे, तारा ओढून झाल्या आहेत.